दारावरचं पुष्पचक्र: कंट्री संगीतातलं विरहगीत ऐकावं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकी कंट्री गायक जॉर्ज जोन्सचं ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ हे १९८०चं गाणं कंट्री संगीतातलं सर्वांत मोठं विरहगीत म्हणून वाखाणलं जातं. भावगीतं, गझला आणि ठुमऱ्या ऐकत वाढलेल्या एका श्रोत्याने ते दोन-तीनदा ऐकलं. चाल सपाट वाटली, शब्द फार साधे वाटले, गायक कुठे मनापासून रडतोय असंही वाटलं नाही. ‘एक माणूस एका बाईला वर्षानुवर्षं विसरू शकत नाही आणि मग एक दिवस विसरतो, एवढंच ना?’ असं त्यांचं म्हणणं. या प्रकारचं गाणं ऐकायची काही रीत असेल तर ती कोणती, हेही त्यांनी विचारलं आहे.

ज्यांनी हे गाणं अजून ऐकलेलं नाही त्यांनी इथेच थांबून ते एकदा ऐकून यावं. सव्वातीन मिनिटांचं आहे. पुढे जे लिहिलंय ते आधी वाचलं तर पहिल्यांदा ऐकण्याची मजा कायमची जाईल.

आता उत्तर. ‘मग एक दिवस विसरतो’ नेमक्या याच जागी गाणं हातातून निसटलं आहे. तो विसरलेला नाही. तो गेला आहे. आज त्याची अंत्ययात्रा आहे.

यात श्रोत्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. उत्तम इंग्रजी येणाऱ्या मराठी माणसाच्याही हातून हे इथेच सुटतं, कारण मृत्यूच्या खुणा अमेरिकी रिवाजातल्या आहेत. चौथ्या कडव्यात सांगणारा म्हणतो की आजच त्याला बघून आलो. डोळ्यांत टिपूस नव्हतं. जायला निघाल्यासारखा छान कपडे घालून तयार होता. कित्येक वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर हसू पाहिलं. आपल्या कानाला यातून काय ऐकू येतं? माणूस सावरला, नवे कपडे शिवले, कुठेतरी निघाला, कदाचित दुसरं लग्नही करतोय. आपल्याकडे मृताला पांढऱ्या वस्त्रात गुंडाळतात, त्यामुळे ‘चांगले कपडे’ आणि ‘मृत्यू’ यांची सांगड आपल्या मनात आपोआप बसत नाही. अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेकडच्या राज्यांत, मृताला त्याचा सगळ्यात चांगला सूट चढवतात, केस विंचरतात, चेहरा शांत दिसेल असा करतात आणि शवपेटीचं झाकण उघडं ठेवतात. नातेवाईक, शेजारी येऊन शेवटचं बघून जातात. घरात कुणी गेलं की दारावर पुष्पचक्र अडकवायची जुनी रीत आहे. हे डोक्यात ठेवून तीच चार वाक्यं पुन्हा ऐका. ‘बघून आलो’ म्हणजे अंत्यदर्शन. ‘हसू’ म्हणजे शवपेटीत झोपलेल्याचा चेहरा. पुढे ध्रुवपदात पुष्पचक्र येतं, लवकरच त्याला उचलून नेतील असं येतं, आणि मग शंका उरत नाही.

आता पहिल्या ओळीकडे परत या. गाण्याच्या अगदी पहिल्या वाक्यात तो तिला सांगतो की मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन. ती म्हणते, विसरशील हळूहळू. अशी वाक्यं प्रेमगीतांत इतक्यांदा येतात की आपण ती कानावरून जाऊ देतो. गीतकारांनी हेच हेरलं. त्या माणसाने शब्दशः तेच केलं, मरेपर्यंतच प्रेम केलं, एक दिवसही जास्त नाही आणि कमीही नाही. शीर्षकातलं ‘आज प्रेम करणं थांबवलं’ हे त्या पहिल्या वाक्याचं उत्तर आहे. वचन आधी, हिशोब शेवटी, आणि मधली कडवी श्रोत्याला हिशोबापासून लांब ठेवतात. माझ्या मते या गाण्याची सगळी कला या लांब ठेवण्यात आहे. दुःख दाखवायचं कसं, यापेक्षा कुठली गोष्ट किती वेळ झाकून ठेवायची, याचा विचार गीतकारांनी, संगीत करणाऱ्याने आणि गायकाने, तिघांनीही केला आहे. ते ऐकू यायला लागलं की चाल सपाट वाटायची थांबते.

बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन या दोघांनी ते लिहिलं. निर्माता होता बिली शेरिल. गाण्याचा मसुदा त्याने या दोघांकडून पुन्हा पुन्हा बदलून घेतला. ती बाई शेवटचं बघायला येते हा प्रसंग त्याच्या आग्रहामुळे आत आला. जोन्सला स्वतःला गाणं फार लांब आणि फार उदास वाटत होतं, हे कुणी विकत घेणार नाही असं त्याचं ठाम मत होतं. तेव्हा दारू आणि कोकेनमुळे त्याची अवस्था वाईट होती, कार्यक्रमांना न येण्याबद्दल त्याचं नाव झालं होतं. कडव्यांची चाल गाताना तो गायक-गीतकार क्रिस क्रिस्टॉफरसनच्या एका प्रसिद्ध गाण्याच्या चालीत घसरायचा, असं शेरिलनेच सांगून ठेवलंय. बोलून म्हणायचा तुकडा तर जड जिभेने नीट निघेना, म्हणून तो बराच नंतर ध्वनिमुद्रित झाला. जुलै १९८०मध्ये गाणं बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, त्याला ग्रॅमी मिळालं आणि कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘साँग ऑफ द इयर’ १९८० आणि १९८१ असा लागोपाठ दोनदा मिळाला. जोन्स २६ एप्रिल २०१३ला वारला. कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या ग्रँड ओल ऑप्री या प्रसिद्ध रंगमंचावरच्या त्याच्या अंत्यविधीत गायक अ‍ॅलन जॅक्सनने हेच गाणं म्हटलं. चरित्राची ही माहिती रंजक आहे, पण गाणं समजायला ती लागत नाही. जोन्सचा गायिका टॅमी वायनेटशी १९७५मध्ये घटस्फोट झाला होता, म्हणून तो तिच्यासाठीच गातोय, असं धरून ऐकणारे पुष्कळ आहेत. तसं ऐकलं की गाणं लहान होतं. शब्द दुसऱ्यांचे आहेत आणि गाण्यातला ‘मी’ हा प्रेमी नाहीच.

तो कोण आहे हे नीट पाहण्यासारखं आहे. ‘बॅलड’ या शब्दाचे दोन अर्थ आपल्याकडे एकत्र मिसळतात. एक म्हणजे कुठलंही संथ प्रेमगीत. दुसरा, जुना अर्थ म्हणजे गोष्ट सांगणारं गीत, जे स्कॉटलंड, इंग्लंड, आयर्लंडमधून स्थलांतरितांबरोबर अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत गेलं. त्या जुन्या गाण्यांत खून होतो, प्रेमिक बुडतात, पण सांगणारा कधी हंबरडा फोडत नाही. झालं ते असं झालं, एवढंच सांगतो. जोन्सच्या या गाण्यात दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. संथ प्रेमगीतही आहे आणि तिऱ्हाइताने सांगितलेली गोष्टही. हा सांगणारा मित्र असेल, शेजारी असेल. त्याने सगळं बाहेरून पाहिलंय. म्हणूनच तो रडत नाही, आणि तुम्हाला जी उणीव वाटली ती खरं तर त्याची जागा आहे. आपल्या भावगीतात बहुतेक वेळा विरही माणूस स्वतः बोलतो; तिथे आर्तता आवाजात हवीच. इथे विरही माणूस एकच वाक्य बोलतो, तेही पहिल्या ओळीत, आणि पुढे त्याला तोंडच नाही.

शब्द साधे आहेत हे खरं. पण एका ठिकाणी थांबा. पलंगाजवळ ठेवलेली पत्रं. त्यांवर १९६२ सालची तारीख. आणि त्या पत्रांतल्या प्रत्येक ‘आय लव्ह यू’खाली त्याने मारलेली लाल रेघ. ही एक गोष्ट नीट डोळ्यांसमोर आणा: घड्यांवर विरलेले कागद, तिचं अक्षर आणि त्याच्या हातातलं लाल पेन. वर्षाचा आकडा मुद्दाम घातलाय. १९८०मध्ये रेडिओवर ऐकणाऱ्याने मनात वजाबाकी केली असणार, अठरा वर्षं. रेघ मारणं हे विद्यार्थ्याचं किंवा हिशेबनिसाचं काम आहे, प्रेमिकाचं नाही. तो पुरावा गोळा करतोय. कशाचा? पत्रं तिची आहेत. म्हणजे कधीकाळी तिनेही म्हटलं होतं, एकदा नाही, अनेकदा. पहिल्या कडव्यात ‘विसरशील’ म्हणणारी ती तिसऱ्या कडव्यात वेगळी दिसायला लागते, आणि गीतकार त्यावर एक शब्दही खर्च करत नाही. चांगल्या कंट्री गीतात उपमा शोधू नका, वस्तू शोधा. भिंतीवरचा फोटो, पत्रं, लाल रेघ, पुष्पचक्र. चंद्र नाही, पाऊस नाही, दिवा नाही. वस्तू मोजून घेतल्या की गाण्याचा सांगाडा हातात येतो.

पहिल्या ध्रुवपदानंतर तो बोलायला लागतो, गात नाही. कंट्रीमध्ये याला ‘रेसिटेशन’ म्हणतात आणि त्याची परंपरा मोठी आहे. कंट्रीचा जुना थोर गायक हँक विल्यम्स याने ‘ल्यूक द ड्रिफ्टर’ या नावाने अशी बोललेली गाणी वेगळी काढली होती. आपल्याला हा भाग नाटकी वाटू शकतो. पण इथे ती बाई आली आहे. सगळे विचार करत होते की येईल का, आणि ती आली. सुरात सांगण्यासारखी ही गोष्टच नाही. अंगणात उभ्या माणसाने दुसऱ्याच्या कानाशी पुटपुटावी अशी आहे. आणि इथे एक शब्दखेळ आहे जो मराठीत आणता येत नाही. सांगणारा मनाशी म्हणतो की या वेळी हा तिच्यातून कायमचा बाहेर आला. इंग्रजीतलं ते ‘ओव्हर हर फॉर गुड’ विरहातून बऱ्या झालेल्यालाही लागू पडतं आणि मेलेल्यालाही. मागे एक बाई शब्दांविना, खूप वरच्या पट्टीत स्वर लावते. तो आवाज मिली किर्कहॅम या नॅशव्हिलच्या सहगायिकेचा. बोलणं आणि तो स्वर एकमेकांत मिसळत नाहीत, आणि मिसळू नयेत अशीच मांडणी आहे.

आता चालीबद्दल. ‘सपाट’ हा शब्द कडव्यांपुरता बरोबर आहे. कडवी खालच्या पट्टीत आहेत, स्वर जवळजवळचे, बोलण्याच्या चढउताराला धरून. रागाचा विस्तार, अंतऱ्यातली झेप, दोन कडव्यांमधला भरगच्च वाद्यमेळ या अपेक्षेने ऐकलं तर हाताला काही लागणार नाही. हे संगीत उभं आहे ते स्वरसमूहांवर, म्हणजे कॉर्डवर. नॅशव्हिलच्या स्टुडिओतले वादक स्वरलिपी समोर न ठेवता आकडे ठेवतात: १, ४, ५. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ‘जॉर्डनेअर्स’ या गायकगटाच्या नील मॅथ्यूजने ही पद्धत बसवली आणि पुढे सगळ्या शहराची झाली. मराठी वाचकाला ही समजायला एक मिनिट लागतं, कारण ती आपल्या सरगमसारखीच आहे. गायकाचा षड्ज कुठलाही असो, आकडे तेच राहतात. १ म्हणजे सा-ग-प. ४ म्हणजे म-ध-सा. ५ म्हणजे प-नी-रे. तीनच. या गाण्याचा बहुतेक भार याच तिघांवर आहे. १ म्हणजे घर, ४ म्हणजे अंगण, ५ म्हणजे परतायची ओढ. कडवं ऐकताना गायक सोडून बेसवर, म्हणजे सगळ्यात खालचे सूर धरणाऱ्या वाद्यावर, कान ठेवा आणि जमीन कधी सरकते तेवढंच पकडा. चार-पाचदा ऐकलं की १ वरून ४ वर जाताना छातीत किंचित सैल झाल्यासारखं वाटतं ते ओळखू येतं.

आणखी एक गोष्ट करून बघा. पहिलं कडवं चालू असताना त्याचा षड्ज तोंड मिटून गुणगुणत धरून ठेवा, गाणं पुढे गेलं तरी सोडू नका. ध्रुवपदाच्या आधीच एका जागी तुमचा सा बेसूर व्हायला लागेल. तुम्ही घसरलेले नाही. गाणं अर्ध्या स्वराने वर चढलं आहे. हा चढ इतका गुपचूप आहे की दहा वेळा ऐकलेल्यांनाही सांगावा लागतो. आपल्याकडे षड्ज अचल, त्यामुळे हा प्रकार आपल्या कानाच्या सवयीत नाही; काहीतरी ताणलं गेलंय एवढंच जाणवतं आणि कारण कळत नाही. शब्दांनी अजून काहीही उघड केलेलं नसताना जमीन वर सरकायला लागते, ही शेरिलची हुशारी.

वाद्यांमध्ये सगळ्यात आधी पेडल स्टील गिटार ओळखायला शिका. कंट्रीमध्ये रडण्याचं काम गायकाहून जास्त हे वाद्य करतं. या गाण्यात ते पीट ड्रेकने वाजवलंय, माउथऑर्गन चार्ली मॅकॉयने. वाद्याचं मूळ हवाईमध्ये. मांडीवर आडवी ठेवलेली गिटार आणि तारांवर सरकवायचा लोखंडी दांडका. तीच हवाईयन गिटार हिंदुस्थानात आली, मुंबईत व्हॅन शिपली यांनी चित्रपटगीतांच्या सुरावटी तिच्यावर वाजवून रेकॉर्ड काढल्या, आणि पुढे ब्रिजभूषण काब्रांनी ती रागसंगीतात आणली. म्हणजे हा आवाज आपल्या कानाला परका नाही. अमेरिकेत तिला पाय जोडले गेले. टेबलासारखी उभी, दहा तारा, खाली पेडल आणि गुडघ्याने ढकलायच्या पट्ट्या. १९५४च्या एका गाजलेल्या रेकॉर्डवर बड आयझॅक्सने पेडल दाबत तारा ओढल्या आणि तेव्हापासून तो आवाज कंट्रीचा झाला.

त्यात वेगळं काय ते जवळून बघू. आपली मींड एका स्वराची: सतारीची तार ओढली की सा चा रे, रे चा ग. पेडल स्टीलवर तीन तारा एकत्र वाजतात, समजा सा-ग-प. डाव्या पायाने दोन पेडल दाबले की ग वर सरकून म होतो, प वर सरकून ध होतो, पण सा जागचा हलत नाही. म्हणजे १ चा ४ होतो, आणि तोही न थांबता, वितळत. दोन स्वर निघून गेले आणि एक मागे राहिला, असा तो आवाज आहे. विरहाच्या गाण्यात हे वाद्य का बसतं याचं याहून चांगलं स्पष्टीकरण मला माहीत नाही. शिवाय वादकाचा उजवा पाय आवाजाच्या पेडलवर असतो. तार छेडताना तो आवाज दाबून ठेवतो आणि तार विझायला लागली तसा वाढवत नेतो. त्यामुळे छेडल्याचा टणत्कार ऐकू येत नाही, सूर हवेतून उगवल्यासारखा वाटतो आणि विझत नाही. सराव नसलेल्या वादकाचं पाऊल इथेच चुकतं. पेडल उशिरा उघडलं की सूर उसासा टाकल्यासारखा फुगतो आणि करुण होण्याऐवजी भडक होतो.

ध्रुवपदाला व्हायोलिनचा ताफा येतो. या वाद्यवृंदाच्या थाटाला कंट्रीच्या कडव्या भक्तांनी नेहमी नावं ठेवली. साध्या गाण्याला शहरी कपडे चढवले म्हणाले. बऱ्याच रेकॉर्डबद्दल त्यांचं खरंही आहे. इथे मात्र मी शेरिलच्या बाजूने आहे. कडव्यांत त्याने वाद्यं हात राखून वापरली आणि सत्य उघड होतं त्याच क्षणी तंतुवाद्यं वर वर चढत नेली. सांगणारा माणूस जे करू शकत नाही ते वाद्यं करतात.

आणि आता आवाज. जोन्सचा जबडा जवळजवळ मिटलेला असतो, दातांमधून गातो म्हणा. स्वरावर तो थेट उतरत नाही, खालून येतो, आणि ओळीच्या शेवटच्या अक्षराचे दोन-तीन तुकडे करतो. ठुमरी ऐकणाऱ्याने यात मुरकी ओळखली तर ती चूक नाही. फरक एवढाच की आपल्याकडे मुरकी घेतलेली दाखवतात आणि इथे ती स्वराच्या आत लपवतात. अक्षर ताणून वाकवायची ही पद्धत आधीच्या पिढीतल्या लेफ्टी फ्रिझेल या गायकाकडून आली, आणि आवाज मुद्दाम मोडायची हँक विल्यम्सकडून. जोन्स या दोघांना ऐकत मोठा झाला. ध्रुवपदातला शेवटचा शब्द ‘टुडे’ आहे. पहिल्या ध्रुवपदातला ‘टुडे’ आणि बोललेल्या तुकड्यानंतरचा ‘टुडे’ लागोपाठ ऐका. शब्द तोच, सूर तोच. पण आता ती येऊन गेली आहे, आणि ते माहीत असलेला आवाज तो शब्द वेगळा सोडतो.

ऐकायची रीत म्हणून एवढं करा. फोनच्या बारक्या स्पीकरवर ऐकू नका; त्यातून बेस जातो, आणि बेस गेला की जमीन सरकते कुठे हेच कळत नाही. साधे वायरचे इयरफोन पुरतात. पहिल्यांदा फक्त गोष्ट ऐका, शब्द समोर न ठेवता. उच्चार टेक्सासचा आहे, स्वर चघळलेले आहेत, सगळं कळणार नाही आणि चालेल. मग शब्द वाचा, पण गाणं बंद असताना. गाणं चालू ठेवून शब्द वाचले तर डोळा कानाच्या चार ओळी पुढे पळतो, मृत्यू आधीच कळतो आणि संगीताने घेतलेले सगळे कष्ट वाया जातात. तिसऱ्यांदा गायक सोडून बेस, चौथ्यांदा स्टील आणि माउथऑर्गन. यांच्यात किमान एक दिवस जाऊ द्या. पाठोपाठ दहादा ऐकलं की करुण गाणं नुसतं ओळखीचं होतं. दुसऱ्या गायकांनी म्हटलेल्या आवृत्त्या नंतर ऐका. त्या बहुतेक पहिल्याच कडव्यापासून रडतात.

कुणाला हे गायचं असेल तर तीच चूक तिथेही होते, म्हणून दोन शब्द. पहिल्या दोन कडव्यांत आवाजात कंप आणला तर ध्रुवपदाला काही शिल्लक राहत नाही. कडवी बातमी सांगितल्यासारखी म्हणा. पट्टी निवडताना कडव्यातला सगळ्यात खालचा सूर बघा आणि वर अर्धा स्वर मोकळा ठेवा, कारण चढ पुढे येणार आहे. पेटीवर पांढरी १ धरली तर नंतर काळी १ लागेल. गिटारवर साध्या उघड्या कॉर्डवर सुरू केलेल्याला हा चढ अडचणीचा पडतो. बहुतेक हौशी वादक तो गाळतात, आणि मग गाणं खरोखरच सपाट होतं. एक पडदा वर सरकवता येणाऱ्या बॅरे कॉर्डवर सुरुवातीपासून वाजवा, प्रश्न मिटतो. बोलायचा तुकडा पाठ करून म्हणू नका आणि तालाच्या पुढे पळू नका. चार ओळी आहेत, खाली कॉर्ड बदलतायत, प्रत्येक ओळीनंतर श्वास घ्यायला जागा ठेवलेली आहे. घाई केली की शेवटी रिकामी जागा उरते आणि वादक एकमेकांची तोंडं बघत बसतात.

यानंतर काय ऐकावं? हँक विल्यम्सचं ‘आय’म सो लोनसम आय कुड क्राय’, १९४९चं. तीन मात्रांची लय आहे, दादऱ्याच्या जवळची, आणि इथे एकाकी माणूस स्वतः बोलतो, त्यामुळे भावगीतावरून येणाऱ्याला ते सोपं जातं. पॅट्सी क्लाइनचं ‘क्रेझी’, १९६१चं, विली नेल्सनने लिहिलेलं. त्यात ती तालाच्या किंचित मागे राहून गाते ते ऐका. ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ बहुतेकांना व्हिटनी ह्यूस्टनच्या १९९२च्या आवाजात माहीत आहे. ते मुळात डॉली पार्टनचं, १९७४चं. दोन्ही लागोपाठ लावा. एकच गाणं, पण व्हिटनी जिथे शिखर गाठते तिथे डॉली आवाज खाली आणते, आणि एक कडवं गाण्याऐवजी बोलते. रेसिटेशन म्हणजे काय हे जोन्सकडून पटलं नसेल तर तिच्याकडून पटेल.

आणि जोन्सचंच ‘द ग्रँड टूर’, तेही १९७४चं. एक माणूस आपल्याला त्याच्या घरात बोलावतो आणि एकेक खोली दाखवत नेतो. इथेही गोष्ट झाकून ठेवलेली आहे, पण या वेळी सांगणारा तिऱ्हाईत नाही. कुठल्या खोलीपर्यंत पोहोचल्यावर तुम्हाला कळतं ते बघा; त्याने त्या खोलीचं दार शेवटपर्यंत राखून ठेवलंय.